टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरला का? लिहिणाऱ्यांची पत्रं

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की मार्च जवळ आलाय, लिहून पैसे मिळवणाऱ्यांनी टॅक्सचे प्रश्न पाठवा, आणि मग जो काही ढीग आला त्यात पोस्टकार्डं होती, व्हॉट्सॲप होतं, आणि एकाने तर फॉर्म १६ए चा (टीडीएस कापल्याच्या दाखल्याचा) फोटो पाठवला तोही आडवा आणि आकडे असलेली बाजू नेमकी कापून. सगळं छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीयेत. खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षाचे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू होतोय, कलमांचे नंबर सगळे बदलतील, 'असेसमेंट इयर' (आर्थिक वर्षाच्या पुढचं, ज्यात त्याचा हिशोब होतो ते वर्ष) हा शब्दही जाईल, पण या वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचंय म्हणून जुनेच नंबर लिहितेय.

ताई, मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, तीन एजन्सी आहेत, वर्षाचे मिळून साधारण ६ लाख ४० हजार होतात. तिघंही १० टक्के कापूनच पैसे देतात, म्हणजे माझा टॅक्स परस्पर भरला जातो ना? त्यामुळे गेली तीन वर्षं मी रिटर्न भरलेलं नाही. नवरा म्हणतो नोटीस येईल. — एक अनुवादक, नाशिक

नोटिशीचं नंतर बघू, आधी हे बघा की सरकारकडे तुमचेच पैसे पडून आहेत.

टीडीएस म्हणजे टॅक्स नव्हे हो, टॅक्सपोटी आधीच घेतलेली उचल आहे ती. घर भाड्याने घेताना डिपॉझिट देतो ना, तसं, हिशोब अजून व्हायचाय. एजन्सीला तुमचा वर्षाचा खर्च किती, बाकी दोघांकडून किती आले, तुमची एफडी आहे का, यातलं काहीच माहीत नसतं आणि तिचा त्याच्याशी संबंधही नसतो. कायदा तिला इतकंच सांगतो की एका माणसाला व्यावसायिक फी म्हणून वर्षात ५० हजारांच्या वर देत असशील तर १९४जे खाली १० टक्के काप आणि त्याच्या पॅनवर जमा कर. (ही मर्यादा मार्च २०२५ पर्यंत ३० हजार होती.)

आता तुमचा हिशोब. ६,४०,००० आले. त्यातून इंटरनेट, फोन, शब्दकोश, सॉफ्टवेअरची वर्गणी, लॅपटॉपचा घसारा, ज्या खोलीत बसून काम करता तिच्या विजेचा आणि भाड्याचा वाटा, हे सगळं प्रामाणिकपणे धरून समजा १,४०,००० झाले. राहिले पाच लाख. नव्या रेजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी, त्यातली नवी) १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट म्हणजे माफी मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणजे दुसरं काही उत्पन्न नसेल तर तुमचा टॅक्स शून्य आणि कापले गेलेत ६४,०००. ते सगळे परत मिळतात, पण मागितले तर! रिटर्न भरणं म्हणजेच मागणं.

आणि नवरा म्हणतो त्यातही तथ्य आहे. वर्षात टीडीएस २५ हजार किंवा जास्त असेल (साठीच्या पुढच्यांना ५० हजार) तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरावंच लागतं. व्यवसायातली जमा १० लाखांवर गेली तरी तेच. तुम्ही पहिल्या नियमात बसता.

मागच्या तीन वर्षांचं काय, ते जरा कडू आहे. २०२४-२५ चं उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता आलं असतं, गेलं ते. लोक सांगतील की 'अपडेटेड रिटर्न' आता चार वर्षांपर्यंत भरता येतं, खरंय, पण ते जादा टॅक्स भरण्यासाठी आहे, त्यातून रिफंड मागता येत नाही. एकच दार उरतं, कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज, पोर्टलवरूनच करता येतो, त्या त्या असेसमेंट इयरच्या अखेरीपासून पाच वर्षांत. कारण पटण्यासारखं हवं आणि कागद हवेत. आजारपण, घरातला मृत्यू, असं काही असेल तर लिहा. नुसतं 'मला माहीत नव्हतं' फार टिकत नाही. तरीही तीन वर्षांचे साठ-साठ हजार असतील तर एका सीएला फी देऊन अर्ज टाकणं मला परवडणारं वाटतं. या वर्षाचं मात्र चुकवू नका. शेवटची तारीख पोर्टलवर बघूनच चाला, २०२५ मध्ये ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि मग शेवटच्या रात्री १६ झाली.

मी वेबसाइटसाठी लिहितो (कंटेंट). मित्र सिनेमाच्या स्क्रिप्ट लिहितो. त्याने ४४एडीए घेतलंय, अर्धी जमा सरळ खर्च म्हणून जाते, बिलं ठेवायची भानगड नाही. यूट्यूबवर पण सगळे हेच सांगतात की फ्रीलान्सर असाल तर ४४एडीए, विषय संपला. मी पण तेच करू ना? — कोथरूड

विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. ४४एडीए सगळ्या फ्रीलान्सरांसाठी नाहीये. ज्या व्यवसायांची यादी कलम ४४एए(१) मध्ये आहे आणि जे सरकारने नोटिफाय केलेत त्यांच्यासाठी आहे. वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टंट, इंटिरियर डेकोरेटर, आणि नोटिफाय केलेल्यांत फिल्म आर्टिस्ट. या फिल्म आर्टिस्टच्या व्याख्येत नटापासून कॅमेरामनपर्यंत सगळे आहेत आणि आपल्या कामाचं म्हणजे कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक आणि गीतकार यांची नावं चक्क लिहिलेली आहेत. त्यामुळे तुमचा मित्र सिनेमासाठी लिहीत असेल तर तो हक्काने बसतो. कंटेंट रायटर, अनुवादक, सदरलेखक, कादंबरीकार यांची नावं त्या यादीत नाहीत.

मग लोक भरतात कसं? भरतात. 'टेक्निकल कन्सल्टन्सी' मध्ये ओढून ताणून बसवतात, सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिणारा एखादा बसेलही, पण 'उन्हाळ्यात त्वचेची काळजी कशी घ्यावी' हे टेक्निकल कसं ते मला कुणी समजावून सांगावं. दुसरे काही सीए म्हणतात की यादीत नाही म्हणजे तो 'बिझनेस', मग ४४एडी घ्या, तिथे तर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्केच नफा धरतात. हा सल्ला मी कुणाला देत नाही. लिहिणाऱ्याच्या शंभर रुपयांतले चौऱ्याण्णव खर्चाला जातात असं अधिकाऱ्यापुढे बसून सरळ चेहऱ्याने सांगता येईल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

शिवाय ४४एडीए मधला ५० टक्के नफा हा किमान आकडा आहे, बक्षीस नाही. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख, तुमच्या-माझ्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

माझं मत विचाराल तर कंटेंट लिहिणाऱ्याने खरा खर्च दाखवून आयटीआर-३ (व्यवसायाच्या उत्पन्नाचा रिटर्नचा फॉर्म) भरावं. फॉर्म लांबलचक आहे, पहिल्यांदा डोकं धरून बसाल, मान्य. पण हिशोबाची वही म्हणजे काही मोठं प्रकरण नसतं. माझ्याकडे एक बाई येतात, त्यांची वही म्हणजे दोनशे पानी शाळेची वही, डाव्या पानावर जमा, तारीख, कोणाकडून, इन्व्हॉइस नंबर, किती कापले, उजव्या पानावर खर्च, आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं प्लॅस्टिकचं पाकीट, त्यात पावत्या. पाच मिनिटांत काम होतं त्यांचं. उलट एक्सेलवाले येतात, चौदा टॅब आणि एकाचीही बेरीज जुळत नाही. आणि गंमत अशी की तुमचं निव्वळ उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर नव्या रेजीममध्ये टॅक्स तसाही शून्यच आहे, मग पन्नास टक्क्यांच्या मागे लागून वाचवणार काय?

एका पोर्टलसाठी आठ महिने लिहिलं. दर महिन्याला टीडीएस कापून पैसे दिले, स्लिपवर तसं लिहिलेलं आहे. आता २६एएस बघतो तर त्यांच्या नावापुढे काहीच नाही. अकाउंट्सवाला फोन उचलत नाही. माझे ३८ हजार बुडाले का? — वैतागलेला, छत्रपती संभाजीनगर

या एका प्रकारची अकरा पत्रं आलीत. सगळ्यात जास्त. म्हणून जरा सावकाश.

आधी तारीख बघा. कापणाऱ्याने तिमाहीचं टीडीएसचं विवरण भरल्याशिवाय तुमच्या २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी उताऱ्यात) काही उमटत नाही. एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत, पुढचं ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी, आणि जानेवारी ते मार्चचं थेट ३१ मे. म्हणजे फेब्रुवारीत कापलेला जूनपर्यंत दिसला नाही तर घाबरायचं कारण नाही, आणि म्हणूनच एप्रिलमध्ये हौसेने रिटर्न भरणाऱ्यांना मी थांबवते. पण जूनमध्ये कापलेला आज मार्चमध्येही दिसत नसेल तर गडबड आहे.

मग २६एएस मध्ये ओळ अजिबात नाही की ओळ आहे पण स्टेटसमध्ये 'एफ' ऐवजी 'यू' आहे ते बघा. यू म्हणजे अनमॅच्ड, विवरण भरलंय पण पैसे जमा झाल्याचं जुळत नाही, बऱ्याचदा चलनाचा नंबर चुकलेला असतो. ओळच नसेल तर एकतर विवरण भरलेलं नाही किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकलाय. पॅनमधलं एक अक्षर चुकलं की तुमचे पैसे तिसऱ्याच माणसाच्या नावावर जातात.

फोन सोडा, ईमेल करा. त्यात महिने, इन्व्हॉइस नंबर, कापलेली रक्कम, तुमचा पॅन, आणि एवढंच लिहा की फॉर्म १६ए हवाय, विवरण भरलं नसेल तर कलम २३४ई खाली दिवसाला २०० रुपये त्यांच्यावर चढतायत. रागावून लिहू नका. त्या दोनशे रुपयांचा अकाउंट्सवाल्यांवर जो परिणाम होतो तो तुमच्या रागाचा होत नाही, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

आणि तरीही काही झालं नाही तर? कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम २०५ म्हणतं की ज्याच्या पैशातून टॅक्स कापला गेला त्याच्याकडे तोच टॅक्स पुन्हा मागता येणार नाही, कापणाऱ्याने खिशात घातला असला तरी. अडचण अशी की रिटर्न तपासतं ते कॉम्प्युटर, त्याला २६एएस दिसतं, कलम २०५ नाही दिसत. तुम्ही कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागाल आणि तो डिमांड, म्हणजे टॅक्स भरा अशी मागणी, काढेल. तेव्हा घाईघाईत भरून टाकू नका, पोर्टलवर 'डिमांड मान्य नाही' निवडून स्लिप, इन्व्हॉइस, बँकेचं स्टेटमेंट आणि ते ईमेल जोडा. म्हणूनच पहिल्या दिवसापासून सगळं लेखी ठेवायचं. वेळ लागतो, बुडत नाहीत.

याच्या अगदी उलटं एक पत्र रत्नागिरीहून आहे. मार्चमध्ये बिल दिलं, कंपनीने खर्ची टाकून टीडीएस भरला, २६एएस मध्ये उत्पन्न दिसतंय, पैसे मात्र पुढच्या आर्थिक वर्षात, जूनमध्ये येणार. तुम्ही पैसे हातात आल्यावर उत्पन्न धरण्याची पद्धत ठेवली असेल (आणि ती दर वर्षी तीच ठेवत असाल) तर ते उत्पन्न पुढच्या वर्षी दाखवा आणि त्यावरचा टीडीएसही पुढच्या वर्षाला ओढा, रिटर्नमध्ये त्याची जागा आहे. उत्पन्न पुढच्या वर्षी आणि क्रेडिट या वर्षी, असं मात्र चालत नाही.

वय ६७, निवृत्त प्राध्यापक. पेन्शनवर बँक काहीच टॅक्स कापत नाही. वृत्तपत्रात सदर लिहितो, थोडं अनुवादाचं काम. ज्येष्ठांना ॲडव्हान्स टॅक्स नसतो असं वाचलंय, ते बरोबर आहे का? — सातारा

सर, तुम्ही वाचलंत ते अर्धं आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला ॲडव्हान्स टॅक्स नाही हे खरं, पण व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. सदर लिहून फी घेता म्हणजे तुम्हाला व्यवसायाचं उत्पन्न आहे.

तुम्ही आकडे सविस्तर दिलेत, बरं वाटलं. पेन्शन ९,००,०००, त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा, राहिले ८,२५,०००. एफडीचं व्याज २,१०,०००. लेखनाचे ३,००,००० आले, खर्च ३५,०००, राहिले २,६५,०००. बेरीज बरोबर १३ लाख. बँकेला फक्त पेन्शन दिसते, ती बारा लाखांच्या आत म्हणून ती काही कापत नाही, वृत्तपत्राला फक्त मानधन दिसतं, कुणालाच तेरा लाख दिसत नाहीत. ते फक्त तुम्हाला दिसतात आणि आयकर खात्याला एआयएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या सगळ्या व्यवहारांच्या गोषवाऱ्यात.

बारा लाख ओलांडले की 'वरच्या एका लाखावरच टॅक्स' असं नाही, हिशोब चार लाखांपासून सुरू होतो. चार ते आठवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारावर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या लाखावर १५ टक्के १५,०००. झाले ७५,०००, त्यावर ४ टक्के सेस ३,०००, एकूण ७८,०००. एफडीवर कापलेले २१,००० आणि लेखनावरचे ३०,००० वजा केले की उरतात २७,०००. हे दहा हजारांच्या वर आहेत म्हणून ॲडव्हान्स टॅक्स लागू.

तो खरं तर चार हप्त्यांत भरायचा असतो, १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चला पूर्ण. तुमचे तीन हप्ते हुकलेत. त्याचं व्याज हजार-अकराशेच्या घरात जाईल, त्यावर झोप उडवू नका. सगळे २७,००० या १५ मार्चच्या आत भरून टाका.

भरताना पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' मध्ये असेसमेंट इयर २०२६-२७ निवडा. २०२५-२६ नव्हे! चालू वर्ष २०२५-२६ आहे म्हणून बोट आपोआप तिकडे जातं. मी स्वतः, म्हणजे लोकांना शिकवणारी मी, एकदा माझाच हप्ता चुकीच्या वर्षाला भरला होता आणि पुढे सहा महिने अर्ज करत बसले. आता चलन दुरुस्तीची सोय पोर्टलवरच आहे पण वर्ष बदलायला मुदत अगदी थोड्या दिवसांची, त्यामुळे चलन आलं की लगेच डोळ्यांसमोर धरून वाचा.

मी मडगावला राहते, अमेरिकेतल्या दोन कंपन्यांसाठी ब्लॉग लिहिते. यंदा २३ लाख रुपये आले. पैसे बाहेरून येतात त्यामुळे इथे टॅक्स नाही असं एक मैत्रीण म्हणते. आणि किंडलवर पुस्तक टाकलंय त्यात ३० टक्के कापलेले दिसतात, ते काय? — मडगाव

मैत्रिणीला सांग की राहतेस इथे, बसून लिहितेस इथे, त्यामुळे पैसे कुठूनही येवोत टॅक्स इथेच. आणि तुझं काम जास्त जोखमीचं आहे कारण बाहेरचा क्लायंट एक पैसा टीडीएस कापत नाही, सगळा भार तुझ्यावर. समजा तीन लाख खर्च जाऊन वीस लाख राहिले तर टॅक्स सेससकट २,०८,००० होतो. पैसे आले की शंभरातले बारा रुपये दुसऱ्या खात्यात टाकत जा आणि त्या खात्याचं कार्ड घरी कपाटात ठेव.

जीएसटी. सेवेसाठी २० लाखांची मर्यादा आहे, आणि निर्यातसुद्धा या वीस लाखांत मोजतात, तिच्यावर टॅक्स शून्य असला तरी. तू ओलांडलीयस, ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करायची असते. नोंदणी झाली की एलयूटी म्हणजे हमीपत्र भर, फॉर्म आरएफडी-११, दर आर्थिक वर्षाला नवा. तो असला की परदेशी बिलावर जीएसटी न लावता काम करता येतं. बँकेकडून दर जमेचा एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) घेऊन ठेव, पैसे परकीय चलनात आले याचा तोच पुरावा. भारतातला एखादा क्लायंट मिळाला तर मात्र त्याला १८ टक्के लावावे लागतील हे दर ठरवतानाच बोलून घे, नंतर बोललं की तोंडं वाकडी होतात.

किंडलचं सोपं आहे. तू टॅक्सची माहिती अर्धवट भरलीयस, म्हणून अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर सरसकट ३० टक्के. भारत-अमेरिका करारात रॉयल्टीवर १५ टक्के आहे. टॅक्स इंटरव्ह्यू नावाचं जे पान आहे तिथे भारत निवड, पॅन टाक, करार लागू आहे म्हण. डब्ल्यू-८बेन म्हणतात तो हाच. तिकडे कापलेल्याचं क्रेडिट इकडे फॉर्म ६७ भरून घेता येतं.

मी गृहिणी. बेबी-केअरवर लेख लिहिते, इन्व्हॉइस नवऱ्याच्या नावाने देते कारण त्यांचं खातं जुनं आहे. काही अडचण? — डोंबिवली

हो, आहे. लिहिता तुम्ही आणि उत्पन्न त्यांच्या पॅनवर चढतंय. ते नोकरी करत असतील तर त्यांच्या वरच्या स्लॅबने टॅक्स लागतोय, जो तुमच्या नावावर बहुतेक शून्य असता. उद्या तुम्हाला कर्ज हवं असेल, व्हिसा हवा असेल तेव्हा तुमच्या नावावर कमाईचा एक कागद नसेल. पॅन काढा, स्वतःचं खातं उघडा, क्लायंटला पुढच्या महिन्यापासून नाव बदलून द्या. पॅन न देता काम केलंत तर १० ऐवजी २० टक्के कापतील, तेही बघा.

दिवाळी अंकांचं मानधन उत्पन्नात धरायचं का? पाकिटातून रोख देतात. आणि कादंबरीच्या रॉयल्टीला सूट असते म्हणे. मी बँकेत नोकरीला आहे. — कोल्हापूर

मानधन हा शब्दच फसवा आहे. 'मान' म्हटलं की वाटतं भेटवस्तू, शाल-श्रीफळाच्या रांगेतली. टॅक्सच्या दृष्टीने ती फी आहे, रोख असली, पाकिटात असली, दीड हजार असली तरी. माझे एक लेखकमित्र दर मार्चला अशी सगळी पाकिटं रबरबँड लावून आणतात, प्रत्येकावर पेन्सिलीने अंकाचं नाव आणि रक्कम, दोन-तीन रिकाम्या पाकिटांवर नुसतं 'देतो म्हणाले'. ती मी वेगळी काढते. न मिळालेल्या पैशावर तरी टॅक्स नको. हां, सरकारने लोकहितार्थ सुरू केलेला पुरस्कार मिळाला तर त्याची रक्कम कलम १०(१७ए) खाली करमुक्त असते, तुम्हाला मिळो.

रॉयल्टीची सूट आहे, कलम ८०क्यूक्यूबी, वर्षाला तीन लाखांपर्यंत. पण पुस्तक साहित्यिक, कलाविषयक किंवा विज्ञानाचं हवं, शालेय पाठ्यपुस्तक, गाइड, डायरी, मासिक चालत नाही. रॉयल्टी एकरकमी नसेल तर विकलेल्या प्रतींच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतचीच धरतात. प्रकाशकाकडून फॉर्म १०सीसीडी घ्यावा लागतो, तो बऱ्याच प्रकाशकांनी कधी पाहिलेलाच नसतो, तुम्हीच प्रिंट काढून सहीला न्या. आणि खरी मेख अशी की ही सूट जुन्या रेजीममध्येच मिळते. तुमची रॉयल्टी ४० हजार आहे. तेवढ्यासाठी जुन्यात जाणं तेव्हाच परवडेल जेव्हा गृहकर्जाचं व्याज, ८०सी, विमा असं बरंच काही सोबत असेल. दोन्हीकडचं गणित मांडून बघा, आणि घाई करू नका, कारण तुम्हाला लेखनाचं व्यावसायिक उत्पन्न आहे. नुसत्या पगारदाराला दर वर्षी रेजीम बदलता येते, तुम्हाला जुन्यात जायला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा नव्यात परत आलात की पुन्हा जुन्याचं दार बंद.

पुस्तकाच्या हक्कांवरचा जीएसटी साधारणपणे प्रकाशकाने भरायचा असतो, तुम्ही नाही. करारात तो तुमच्या गळ्यात घातलाय का ते वाचा.

ताई, दोन ओळींत सांगा. प्रोफेशन टॅक्स भरला नाही तर किती वर्षं चालतं? — ठाणे

चालतं तोवर चालतं. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला पीटीईसी (प्रोफेशन टॅक्सच्या नोंदणीचा) नंबर घेऊन वर्षाला २,५०० भरायचे असतात, ३० जूनच्या आत, राज्य जीएसटीच्या साइटवर. नोकरीत पगारातून कापला जात असेल तर गोष्ट वेगळी, पासष्ट पूर्ण असतील तर माफ, आणि मडगावच्या मुलीला तो प्रश्नच नाही, गोव्यात हा टॅक्सच नाही. तुम्ही नंबर घ्यायला जाल त्या दिवशी मागची चार वर्षंसुद्धा मागू शकतात, म्हणजे दहा हजार आणि वर व्याज. दोन ओळींच्या चार झाल्या, पण जूनला अजून वेळ आहे तोवर नंबर काढून घ्या.